तीस अंशांच्या मुंबईत पंचवीस अंशांचा स्थिरांक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बीएस्सीच्या रसायनशास्त्राचं कुठलंही प्रॅक्टिकल जर्नल उघडा, त्यात एक आकडा हमखास सापडतो: असेटिक आम्लाचा पीकेए (आम्ल किती तीव्र ते सांगणारा आकडा) ४.७६. कुणाचा ४.७५, कुणाचा ४.७४, पण घुटमळतो तिथेच. कृतीही ठरलेली. ०.१ मोलर आम्ल २५ मिलिलिटर घ्यायचं, ब्यूरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत पीएच मीटर वाचायचा आणि बरोबर अर्धं उदासिनीकरण झालं त्या क्षणीचा पीएच ‘पीकेए’ म्हणून लिहायचा. अडचण एवढीच आहे की हा प्रयोग नीट केला तर ४.७६ येता कामा नये. ४.६८ यायला हवा.

हिशेब फार अवघड नाही. साडेबारा मिलिलिटर अल्कली गेली की एकूण साडेसदतीस मिलिलिटरमध्ये सोडियम असेटेटची संहती ०.०३३ मोलर होते. आयनांची एवढी गर्दी झाली की प्रत्येक असेटेट आयनाभोवती विरुद्ध भाराचं कडं जमतं आणि त्याची परिणामकारक संहती, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी, प्रत्यक्ष संहतीपेक्षा कमी भरते. ही गर्दी ज्या आकड्याने मोजतात ती आयनिक स्ट्रेंग्थ. अ‍ॅक्टिव्हिटीचा अंदाज देणाऱ्या डेव्हिसच्या सूत्रात ०.०३३ ही आयनिक स्ट्रेंग्थ घातली तर अ‍ॅक्टिव्हिटीचा गुणांक ०.८४ येतो, त्याचा लॉगरिदम उणे ०.०७४. पुस्तकातला ४.७५६ हा आकडा अनंत विरल द्रावणाचा आहे, तर मीटरसमोरच्या बीकरमध्ये खरंखुरं मीठ आहे. ४.७५६ मधून ०.०७४ गेले की उरतात ४.६८. द्रावण आणखी घट्ट केलं, आयनिक स्ट्रेंग्थ ०.१ वर नेली आणि सगळं काही संहतीतच मोजलं, तर पीकेए ४.५५ च्या आसपास जातो. हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त प्रत्येकाची अट वेगळी आहे, आणि ती अट जर्नलमध्ये कुठेच लिहिलेली नसते.

परिणाम व्हायचा तोच होतो. प्रामाणिक ४.६८ समोर ‘एरर’ म्हणून लाल रेघ येते आणि ज्याने उत्तरापासून मागे येत रीडिंग मांडली त्याला पूर्ण गुण मिळतात. ‘रीडिंग कुक करणे’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या कॉलेज कॅन्टीनमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. याबद्दल मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण गुणांची पद्धतच त्यांना तिकडे ढकलते.

दुसरी गोष्ट तापमानाची. पुस्तकातले बहुतेक स्थिरांक २५ अंश सेल्सिअसचे असतात. मुंबईत वर्षाचे बरेच महिने बाकावरचं द्रावण २९ ते ३२ अंशांवर असतं. त्यात एसी असतो तो बहुधा फक्त इन्स्ट्रुमेंट रूममध्ये, म्हणजे मिश्रण एका तापमानाला बनतं आणि वाचलं जातं दुसऱ्याच. गंमत अशी की असेटिक आम्लाला याचं काही वाटत नाही. २५ अंशांना ४.७५६ आणि ३० अंशांना ४.७५७, एवढाच काय तो फरक. त्यामुळे या प्रयोगात ‘गरमीमुळे चूक आली’ असं निष्कर्षाखाली लिहिणं चूक आहे. अमोनियम आयनाचं मात्र उलटं आहे. त्याचा पीकेए २५ अंशांना ९.२५ असतो आणि ३० अंशांना ९.०९ पर्यंत उतरतो. पाण्याचा आयनिक गुणाकारही (हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींचा) हलतो: त्याचा उणे लॉगरिदम, म्हणजे पीकेडब्ल्यू, १४.०० वरून १३.८३ होतो, म्हणजे ३० अंशांचं शुद्ध उदासीन पाणी पीएच ६.९२ दाखवतं. मीटर जुळवायला वापरतात त्या बोरॅक्स बफरच्या (ठरावीक पीएचच्या द्रावणाच्या) पुडीवर ९.१८ छापलेलं असलं तरी ३० अंशांना तोच बफर ९.१४ असतो. मीटर तापमानाची भरपाई करतो ती इलेक्ट्रोडच्या उताराची, म्हणजे दर पीएचमागे ५९.२ ऐवजी ६०.२ मिलिव्होल्ट धरतो. बफरची आणि नमुन्याची रसायनं बदलली ती त्याला कशी कळणार? ती नोंद माणसानेच घ्यायची असते.

आम्लाचा स्थिरांक द्रावणाच्या वाहकतेवरून काढायच्या प्रयोगात तर मजेशीर प्रकार घडतो. ३० अंशांना आम्लाच्या द्रावणाची वाहकता २५ अंशांच्या मानाने सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली असते, पण विद्यार्थी अनंत विरलतेची मोलर वाहकता (आम्ल पूर्ण फुटलं तर येईल ती) २५ अंशांचीच, ३९०.७, घेतो. वियोजनाचा अंश, म्हणजे आम्लाचा आयनांत फुटलेला भाग, सात टक्क्यांनी फुगतो आणि ओस्टवाल्डच्या सूत्रात त्याचा वर्ग होत असल्याने स्थिरांक पंधराएक टक्क्यांनी वाढायला हवा. तरीही बऱ्याचदा तो बरा येतो. कारण सेल कॉन्स्टंट (मीटरच्या रीडिंगला ज्याने गुणून वाहकता काढतात तो आकडा) काढतानाही तीच चूक केलेली असते. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडची वाहकता ३० अंशांना १.५५२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते आणि गणितात घातलेली असते २५ अंशांची १.४१३. सेल कॉन्स्टंट नऊ टक्के कमी पडतो आणि दोन चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात. गुण मिळतात, समज मात्र तिथेच राहते. ज्या मुलीने सेल कॉन्स्टंट योग्य काढला आणि फक्त दुसरी चूक केली, तिचं उत्तर वर्गात सगळ्यात वाईट दिसतं!

आता लाल रंगाचा प्रयोग: फेरिक आयन (तीन भारांचं लोह) आणि थायोसायनेट जोडले जाऊन लाल संकुल बनतं. समतोल स्थिरांक (के, म्हणजे समतोल झाल्यावर किती संकुल बनतं ते ठरवणारा आकडा) शिकवायला यापेक्षा चांगला प्रयोग क्वचितच असेल आणि इतका वाईट रीतीने केला जाणाराही क्वचितच. रक्तासारख्या लाल संकुलाचं शोषण ४५० नॅनोमीटरच्या जवळ सर्वाधिक असतं आणि मोलर शोषणांक (दर मोलर संहतीमागे किती प्रकाश शोषला जातो त्याचा आकडा) ४७०० च्या घरात. स्थिरांक शून्य आयनिक स्ट्रेंग्थला सुमारे १०००, तर ०.५ ला १३८. सात पटींचा फरक! म्हणजे अट न सांगता ‘के किती?’ असं व्हायव्हात विचारणं म्हणजे स्टेशन न सांगता लोकलचं भाडं विचारणं.

नेहमीच्या कृतीत पाच नळ्या असतात. प्रत्येकीत २.०० मिलिमोलर फेरिक नायट्रेट ५ मिलिलिटर, त्याच संहतीचं थायोसायनेट १ ते ५ मिलिलिटर, आणि बाकी नायट्रिक आम्ल घालून एकूण १०. तिसऱ्या नळीचं उदाहरण घेऊ. सुरुवातीला लोह १.०० मिलिमोलर, थायोसायनेट ०.६०० मिलिमोलर. स्थिरांक १३८ असेल तर संकुल ०.०६८४ मिलिमोलर बनतं, एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मीटरमधल्या पारदर्शक नळीत) अ‍ॅबसॉर्बन्स, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाचं माप, ०.३२ येतो. उरलं ०.९३१६ लोह आणि ०.५३१६ थायोसायनेट. ०.०६८४ ला या दोघांच्या गुणाकाराने भागा, एकक मोलरमध्ये आणा, की १३८ परत मिळतात.

पण अ‍ॅबसॉर्बन्सवरून संहती काढायला एक ‘स्टँडर्ड’ नळी लागते आणि गडबड सुरू होते ती तिथे. ०.२ मोलर फेरिक नायट्रेट ९ मिलिलिटर आणि २ मिलिमोलर थायोसायनेट १ मिलिलिटर घालून ‘सगळं थायोसायनेट संकुलात गेलं’ असं धरलं जातं. स्थिरांक १३८ मानला तरी जातं ते ९६ टक्केच. या चार टक्क्यांपायी शेवटचं उत्तर १३८ ऐवजी १४५ येतं. त्याहून मोठी खोट कुणी बघत नाही. ०.१८ मोलर फेरिक नायट्रेट एकट्याच्या जिवावर आयनिक स्ट्रेंग्थ १.०८ वर नेतं, कारण तीन भारांच्या आयनाचा वाटा नऊपट मोजला जातो. म्हणजे स्टँडर्ड नळी एका माध्यमात, बाकीच्या पाच दुसऱ्या माध्यमात, आणि गणित दोन्हींना एकच धरून.

यावर उपाय आहे आणि त्याला नवं उपकरण लागत नाही. स्टँडर्ड नळी काढूनच टाकावी. थायोसायनेट ठरावीक ठेवून लोह बदलावं आणि स्थिरांक व शोषणांक हे दोन्ही एकदमच काढावेत. २५ मिलिलिटरचे सहा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क घ्यावेत. ०.१०० मोलर फेरिक नायट्रेट, १.०० मोलर सोडियम नायट्रेट, २.०० मिलिमोलर थायोसायनेट आणि खुणेपर्यंत भरायचं द्रव, ही चारही द्रावणं ०.२ मोलर नायट्रिक आम्लातच करावीत, म्हणजे आम्ल सगळीकडे आपोआप सारखं राहतं. थायोसायनेट आम्लात फार टिकत नाही. ते त्याच सकाळी करावं. फ्लास्कांत लोह अनुक्रमे ०.५, १, २, ३.५, ५ आणि ७.५ मिलिलिटर घालावं. सोडियम नायट्रेट त्याच क्रमाने ७.२, ६.९, ६.३, ५.४, ४.५ आणि ३.० मिलिलिटर. थायोसायनेट प्रत्येकात २.५ मिलिलिटर, सगळ्यात शेवटी. अशाने आयनिक स्ट्रेंग्थ सहाही फ्लास्कांत ०.५ राहते. लोह २ ते ३० मिलिमोलर होतं, थायोसायनेटचा संकुलात गेलेला भाग वीसेक टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पसरतो आणि अ‍ॅबसॉर्बन्स ०.२० ते ०.७५ या सोयीच्या पट्ट्यात पडतो. हा पसारा महत्त्वाचा आहे. सगळे बिंदू पाच-दहा टक्क्यांवर गोळा झाले तर फक्त स्थिरांक आणि शोषणांक यांचा गुणाकार कळतो, दोघांची फोड होत नाही. मग एक्सेलच्या सॉल्व्हरला दोन्ही अज्ञात देऊन फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करायला सांगावं. व्यस्तांकांचा सरळ रेषेचा आलेख दिसायला देखणा असतो, पण तो सर्वांत फिक्या आणि म्हणून सर्वांत कच्च्या बिंदूला सर्वांत जास्त वजन देतो.

बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. फेरिक क्लोराइड किंवा फेरिक अलम चालत नाही, क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही लोहाला धरतात. आम्ल कमी पडलं की लोह पाण्याशी हात मिळवतं: ०.२ मोलर आम्लात जेमतेम एक टक्का, पीएच २ ला सहावा हिस्सा, आणि द्रावणाला पिवळट-तपकिरी झाक येते. नायट्रिक आम्ल जुनं, पिवळं असेल तर त्यातलं नायट्रस आम्ल थायोसायनेटशी स्वतःचाच लाल रंग देतं; असं आम्ल आधी पातळ करून उकळून थंड करावं. थायोसायनेट जास्त झालं तर दोन थायोसायनेटचं संकुल बनू लागतं, म्हणून लोहच वरचढ ठेवायचं. रंग उभ्या उभ्या फिका होतो, कारण फेरिक लोह थायोसायनेटचं सावकाश ऑक्सिडीकरण करतं आणि उजेडात ते जोर धरतं. प्रत्येक फ्लास्क मिसळल्यापासून सारख्याच वेळाने, पाच मिनिटांच्या आत वाचावा. सहाही तयार करून रांगेत ठेवले आणि मीटरसाठी नंबर लावला, तर शेवटच्याचं रीडिंग गेलंच म्हणून समजा.

आणि मुंबईचा पावसाळा. फेरिक नायट्रेटचे फिकट जांभळे खडे जुलैत झाकण सैल राहिलेल्या बाटलीत पाणी पिऊन ओलेचिंब होतात. १०० मिलिलिटरला ४.०४ ग्रॅम तोलले की ०.१०० मोलर झालं, हे कोरड्या खड्यांपुरतं खरं. पोटॅशियम थायोसायनेटही तसंच ओलावा ओढणारं. म्हणून वजनावर विसंबू नये. लोहाचं द्रावण पीएच २ च्या आसपास आणून, कोमट करून, सल्फोसॅलिसिलिक आम्ल दर्शक घालून ईडीटीएशी (लोहाला घट्ट धरणाऱ्या रसायनाशी) टायट्रेट करावं. जांभळट लाल रंग जाऊन फिकट पिवळा उरला की थांबायचं. थायोसायनेट आधी ०.१ मोलर करून व्होल्हार्डच्या रीतीने सिल्व्हर नायट्रेटशी ताडावं, मग ५ मिलिलिटरचे २५० करावेत. एका टायट्रेशनला वीस मिनिटं जातात. ती वाचवली की पुढच्या तीन तासांचं गणित वाळूवर उभं राहतं.

ब्लँकबद्दल, म्हणजे मीटर शून्यावर आणायच्या द्रावणाबद्दल, एक. डिस्टिल्ड वॉटर हा ब्लँक नव्हे. ज्या फ्लास्कात जितकं लोह, तितकंच लोह आणि तेच आम्ल, फक्त थायोसायनेट नाही, असा ब्लँक हवा. समजा पाण्याच्या ब्लँकमुळे जुन्या कृतीतल्या पाचही नळ्यांत अ‍ॅबसॉर्बन्स ०.०१ ने जास्त आला. पहिल्या नळीत खरा आकडा ०.११ आहे, तिथे ही चूक नऊ टक्क्यांची. पाचवीत ०.५१ आहे, तिथे दोन टक्क्यांची. स्थिरांक १५३ पासून उतरत उतरत १४१ पर्यंत येतो. सरासरी काढली की हा उतार पुसला जातो. वास्तविक सगळ्यात मोलाची माहिती तीच होती. उत्तरं इकडेतिकडे विखुरली तर हाताची चूक. एका दिशेने सरकत गेली तर कृतीतच काहीतरी घर करून बसलं आहे. जर्नलमध्ये या सरकण्याला जागा नाही, ‘मीन के’ला चौकट आहे.

परीक्षकांनी एवढं जरी पाहिलं तरी पुष्कळ. अ‍ॅबसॉर्बन्स वाचण्यात ०.००५ ची अनिश्चितता धरली, तर पहिल्या नळीचा स्थिरांक सहा-सात एककांनी वरखाली व्हायलाच हवा. जिथे पाचही नळ्यांची उत्तरं १३८, १३७, १३८, १३८, १३९ अशी ओळीने उभी आहेत, तिथे रीडिंग मीटरवरून आलेली नाहीत.

हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं कुणाला वाटेल. पण तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी भांडुपला शुद्ध होऊन घरोघरी जातं, त्यातल्या क्लोरिनचं जंतुनाशक बळ एका समतोल स्थिरांकावरच ठरतं. हायपोक्लोरस आम्लाचा पीकेए ७.५३ धरला, तर पीएच ७ ला ७७ टक्के क्लोरिन या प्रभावी रूपात असतो आणि पीएच ८ ला फक्त २५ टक्के. पाण्याच्या, औषधांच्या, रंगांच्या प्रयोगशाळांत उद्या हीच मुलं बसणार आहेत.

अभ्यास मंडळाने आणि महाविद्यालयांनी दोन-तीन गोष्टी कराव्यात. २५ अंशांचा हट्ट सोडावा. मुंबईत पाणी २५ वर आणायला बर्फ किंवा चिलर लागतो. ३५ वर ठेवायला साधा हीटर असलेला वॉटर बाथ बाराही महिने पुरतो, आणि बफरच्या तक्त्यांत ३५ अंशांचे आकडेही असतात: ४.०२, ६.८४, ९.१०. प्रयोग ३५ ला करावा, ३५ चंच उत्तर लिहावं. गुण कच्च्या नोंदींना द्यावेत; त्या पेनाने, वेळेसकट, त्याच दिवशी शिक्षकाची सही घेऊन. वापरलेली लाल द्रावणं सिंकमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये जमवावीत आणि रंग घालवायला त्यात ब्लीच मुळीच टाकू नये, थायोसायनेटपासून सायनाइडच्या जातीचे विषारी वायू सुटू शकतात. आणि जर्नलच्या छापील पानावर ‘स्टँडर्ड व्हॅल्यू’ असा जो रकाना असतो तो पुढच्या छपाईत काढावा. त्या जागेत ‘तापमान’ आणि ‘आयनिक स्ट्रेंग्थ’ हे दोन रकाने सहज मावतात.

कळावे,
भौतिक रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दोघी,
दादर, मुंबई